दहा जणांचा होकार

१

शुक्रवारी दुपारी पावणेतीनला माणसं नमाजाहून आणि जेवणाहून परतली, आपापल्या जागी बसली, आणि सत्तावन्न जणांच्या एकदमच लक्षात आलं की लेबलांचा प्रोग्राम गायब आहे. मलेशियातल्या तैपिंगचा हा हातमोज्यांचा कारखाना. इथे लेबलाशिवाय खोकं हलत नाही. शनिवारी त्यांनी हाताने लेबलं लिहून पाहिली, ती पेनांग बंदरावरून परत आली, आणि जहाज खोकी न घेताच निघून गेलं.

सोमवारी मला कुआलालंपूरहून धाडण्यात आलं. मी क्वेक सिउ लान, कंपनीची अंतर्गत तपासनीस. वय एकोणसाठ, लग्न केलं नाही, आयुष्य बसस्टँडजवळच्या हॉटेलांत गेलं. ज्या शाखेत जाते तिथे लोक मला उत्तम कॉफी देतात आणि मी कधी जाते याची वाट बघतात. मला त्याची सवय झाली आहे असं मी सांगत असते.

शाखेचे व्यवस्थापक मिस्टर फाँग दारापर्यंत घ्यायला आले. गोल चेहऱ्याचे, घाईतले गृहस्थ. म्हणाले, "क्वेक मॅडम, तुम्हाला उगाच त्रास. गुन्हेगार सापडलाय. तुम्ही फक्त सही करायची."

त्यांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. संगणक खात्याच्या नोंदीप्रमाणे शुक्रवारी एक वाजून दहा मिनिटांनी लेबलवाल्या साठ संगणकांना हुकूम गेला होता: जुना प्रोग्राम काढून टाका. हुकूम देणारीचं नाव तिलगवती रामासामी. दोनच आठवड्यांपूर्वी तिला सांगण्यात आलं होतं की महिनाअखेरीस तिचं काम बाहेरच्या लोकांकडे जाईल, तिची आता गरज नाही.

"एकोणीस वर्षं आमचं मीठ खाल्लं," फाँग म्हणाले, "आणि जाता जाता विहिरीत विष कालवून गेली."

पोलिसांत द्यायची तक्रार टाइप करून तयार होती. तारीख बुधवारची. तिच्यावर असा शिक्का बसला की पुन्हा तिला कुणी संगणकाला हात लावू देणार नव्हतं, आणि त्या बाईला दुसरं काही येत नव्हतं हे फाँगनीच मला सांगितलं, वर हसलेही. तिचं म्हणणं काय, असं मी विचारलं.

"काही नाही. तीन दिवस झाले, तोंडातून शब्द काढलेला नाही."

२

तिलगवतीची खोली गोदामाच्या मागे होती. तिथे पोचायला रिकाम्या पिंपांच्या रांगेतून जावं लागतं आणि वाटेत कुणी भेटत नाही. दार तिनेच उघडलं. चव्वेचाळिशीची, नीट विंचरलेली, इस्त्रीची साडी नेसलेली. जिथे कुणी बघायला येत नाही तिथे ही बाई रोज इस्त्री करून येत होती. आत दोन फळ्यांवर दहा जुने संगणक मांडलेले होते आणि सगळे चालू होते.

कामाबद्दल विचारल्यावर मात्र ती बोलली, आणि नीट बोलली. कारखान्यातल्या कुठल्याही संगणकावर नवा प्रोग्राम बसवायचा तर ती इथूनच बसवते, खुर्चीवरून न उठता. मग त्या प्रोग्रामला भोकं सापडतात, म्हणून मागाहून ठिगळं लावायची, त्यांना पॅच म्हणतात. तीही इथूनच.

"पण भरदुपारी का?" मी विचारलं. "बाकी शाखांत हे काम रात्री होतं."

"मॅडम, तैपिंगच्या विजा तुम्हाला माहीत आहेत. दोनदा अख्खं कार्यालय जळलंय. संध्याकाळी सहाला पहारेकरी मेन स्विच पाडतो, सकाळी चढवला की सगळे संगणक आपोआप चालू होतात. रात्री बसवायचं म्हटलं तर संगणक जागे कुठे असतात? चालू आहेत आणि समोर माणूस नाही, अशी आठवड्यात एकच वेळ. शुक्रवारच्या नमाजाची सुट्टी. दोन तास. आधी दहा जणांकडे, दोन आठवड्यांनी सगळ्यांकडे."

हे मला पटलं. शुक्रवारी मुसलमान मशिदीत जातात, उरलेले तेवढ्यात बाजार आणि जेवण उरकतात. कार्यालयात कुत्रं राहत नाही.

"हुकूम तुम्ही दिलात?"

"मीच दिला. पॅच होता. आधीचे नुसतं ठिगळ लावायचे, हा जुना प्रोग्राम काढतो आणि लगेच नवा बसवतो. एका हुकमात दोन कामं. जुना निघाला, नवा बसला नाही." मग हलक्या आवाजात म्हणाली, "का बसला नाही ते मला माहीत नाही. आधी तपासला होता."

तपासायची रीत अशी. दहा ठरलेली माणसं आठवडाभर नवा पॅच वापरून बघतात आणि एक ओळ शेरा लिहून कळवतात. दहाच्या दहा जणांनी ठीक म्हटलं की फाँग सही करतात, आणि मगच तो सगळ्यांकडे जातो. तिने तीन वर्षांच्या शेऱ्यांची जाडजूड फाइल माझ्या हातात ठेवली. या पॅचलाही दहापैकी दहा होकार होते.

"मग प्रश्न सोपा आहे. त्या दहा जणांना बोलवा. त्यांच्याकडे बसला आणि इतरांकडे नाही, यात काय फरक आहे ते पाहू."

तिचा चेहरा दार लावून घ्यावं तसा मिटला. फाइल परत घ्यायला तिने हात पुढे केला आणि मागेही घेतला.

"मॅडम, मी रागाने केलं असं लिहा. मी सही करते."

तीस वर्षांत मी चोरांचे कबुलीजबाब घेतले आहेत. एकेका वाक्यासाठी घाम गाळावा लागतो. इथे एक बाई न केलेल्या गुन्ह्याची कबुली हातावर ठेवत होती, आणि तिला मी कागद कधी काढते याची घाई झाली होती.

३

तिचा दुय्यम शाहरूल. अडतीस वर्षांचा, तीन मुलांचा बाप, तोंडाने तिखट. तिलगवती गेली की उरलेसुरले अधिकार त्याच्याकडे येणार होते. शिवाय हुकूम तिच्या नावाने गेला म्हणजे तिनेच दिला असं नाही, तिचा पासवर्ड त्यालाही ठाऊक असू शकतो. तसं मी त्याला तोंडावर सांगितलं.

"आंटी, शुक्रवारी एक वाजून दहा मिनिटांनी मी इमामाच्या पुढ्यात दुसऱ्या रांगेत होतो," तो म्हणाला. "शेजारी जिल्ह्याचा पोलिस अधिकारी होता. याहून पक्का साक्षीदार मला अल्लानेही दिला नसता."

मला आंटी म्हणू नकोस असं मी म्हटलं. त्याने बरं मॅडम म्हटलं आणि दोन वाक्यांनंतर पुन्हा आंटीच म्हणाला.

तिच्याशी पटतं का विचारलं तर त्याने खांदे उडवले. भांडण नव्हतं. भांडायला आधी भेटावं लागतं. तो मुख्य इमारतीत बसायचा, ती गोदामामागे, आणि कामाचं सगळं पडद्यावरूनच व्हायचं. महिनाअखेरपर्यंत तिचं काम शिकून घे, म्हणून फाँगनी त्याला गेल्या आठवड्यात तिकडे पाठवलं होतं, पण तो दारातूनच परत आला होता.

"का?"

तो पहिल्यांदाच घुटमळला. "आतून बोलण्याचा आवाज येत होता. ती काहीतरी वाचून दाखवत होती आणि हसत होती. म्हटलं पाहुणे असतील. दार ढकललं तर आत ती एकटीच."

तिथून मी स्वागतकक्षात गेले. काक रोकिया, म्हणजे रोकियाताई, कारखाना सुरू झाल्यापासून तिथे बसते, आणि कुणाच्या घरी कोणता पदार्थ करपला तेही तिला माहीत असतं. तिच्याकडे मी वेगळ्याच कामासाठी गेले होते. साठपैकी सत्तावन्न संगणकांवरचा प्रोग्राम गेला, मग उरलेले तीन कुणाचे? नोंदीप्रमाणे एक रोकियाचा होता. दुसरे दोघे त्या दिवशी रजेवर होते.

"तुम्ही असं काय वेगळं केलंत, काक रोकिया?"

"मी? मला तर कुरिअरचं लेबल छापायला दिवसातून एकदाच तो लागतो. काम झालं की बंद करते. आमच्या वेळी टाइपरायटरवर झाकण घातल्याशिवाय उठलं की साहेब ओरडायचा."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कशाला बंद करतील? तो उघडायला आठ मिनिटं लागतात. सकाळी उघडायचा, संध्याकाळी पहारेकरी वीज घालवेपर्यंत तसाच ठेवायचा. पडदा कुलूप करून नमाजाला जायचं, प्रोग्राम मागे चालूच. सगळ्या जगाला माहीत आहे हे."

उत्तराची अर्धी बाजू माझ्या हातात आली. आत माणसं बसलेली असताना घर पाडता येतं, पण नवं बांधता येत नाही. जो प्रोग्राम उघडा होता तो मोडला आणि नवा बसू शकला नाही. रोकियाचा मिटलेला होता, रजेवरच्यांचा उघडलाच नव्हता. पण मग तपासणाऱ्या दहा जणांचं काय? तेही याच कारखान्यात काम करतात. पूर्ण आठवडा दहापैकी एकानेही प्रोग्राम उघडा ठेवला नाही, हे कसं शक्य आहे?

४

मंगळवारी सकाळी मी हॉटेलखालच्या कॉफीच्या दुकानात फाइल उघडून बसले. दोन अंडी, काळी कॉफी आणि तीन वर्षांचे शेरे. कंटाळवाणं काम होईल असं वाटलं होतं.

पहिला शेरा पाठवणी विभागातल्या बहारोमचा. "आधीपेक्षा लवकर उघडतो. माझ्या घरचं दारसुद्धा इतक्या लवकर कुणी उघडत नाही." भांडारातला आरोक्यम लिहितो, "बायकोपेक्षा कमी प्रश्न विचारतो. माझ्याकडून पास." खरेदीतल्या मिस ओईचं वेगळंच. "ठीक आहे. तिलगा, आज तरी वेळेवर जेवलीस का?" मिस ओई आणि बहारोम यांचं लाक्सा, म्हणजे रस्स्यातल्या शेवया, कुठली चांगली यावरून भांडण जुंपलं होतं, ते महिनोन् महिने शेऱ्यांतूनच चाललं होतं, आणि आरोक्यम मधे पडून दोघांच्याही शिव्या खात होता.

मी एकटीच मोठ्याने हसले. दुकानदाराने वळून बघितलं. अंडी गार झाली. खरं सांगते, मला त्या दहा जणांचा हेवा वाटला. तीस वर्षांत कुठल्याही शाखेत मला कुणी जेवलीस का म्हणून विचारलेलं नाही, आणि या देशात तर लोक रस्त्यात भेटलेल्या अनोळख्यालाही ते विचारतात. या माणसांत बसून एकदा जेवावं असं मला फार वाटलं.

म्हणून मी त्यांची नावं एका कागदावर उतरवायला घेतली. नावापुढे विभाग, तारीख आणि वेळ. बहारोमची वेळ एक वाजून वीस मिनिटं. वार शुक्रवार. मागचं पान पाहिलं, तिथेही शुक्रवार, एक पंचवीस. मग मी सगळी फाइलच चाळली. दहाही जणांचे शेरे दर वेळी शुक्रवारी एक ते दोनच्या दरम्यान आलेले होते. मिस ओई आणि आरोक्यमचं सोडा. पण बहारोम, आणि त्याच्यासारखे आणखी तिघे मुसलमान, शुक्रवारी एक वीसला मशीद सोडून संगणकासमोर काय करत होते?

मी तशीच उठून काक रोकियाकडे गेले आणि विचारलं, पाठवणीतला बहारोम नमाज चुकवतो का.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी लाज वाटली.

"बहारोमने आयुष्यात एक शुक्रवार चुकवला नाही," ती म्हणाली. "आणि आता कुठून चुकवणार? अकरा महिने झाले त्याला जाऊन."

५

बाकीच्यांची हकिगत तिने मला एका दमात सांगितली. मिस ओई निवृत्त होऊन भाच्याकडे ऑस्ट्रेलियात पर्थला गेली. आरोक्यमची बदली क्लांगला झाली. कुणी नोकरी सोडली, कुणी बाळंतपणाला गेली ती परतलीच नाही. दहापैकी एकही माणूस आता या कारखान्यात नव्हता.

मी पिंपांच्या रांगेतून पुन्हा गेले. या वेळी फळ्यांवरचे ते दहा संगणक मी जवळ जाऊन पाहिले. प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी डकवलेली होती. बहारोम. मिस ओई. आरोक्यम.

तिलगवतीने ते पाहिलं आणि खुर्चीत बसली.

"या फाइलच्या आधी ते खरंच लिहायचे," ती म्हणाली. "ठीक, ठीक, ठीक, एवढंच. मग एका महिन्यात ओईने लिहिलंच नाही. नऊ होकारांवर फाँग सही करत नाहीत. मी दोनदा फोन केला, ती म्हणाली, तूच लिही ना काहीतरी. म्हणून मी लिहिलं. ती गेल्यावर तिचा संगणक माझ्याकडे आला. मी तो यादीतून काढला नाही. काढला असता तर नवीन माणूस शोधावा लागला असता, आणि माझ्यासाठी नवीन माणूस कोण होणार? पॅच बसला की दहा मिनिटं काम अडतं. सगळे वैतागतात. एक एक करून दहाही जणांचं मीच लिहायला लागले, आणि माणूस गेला की त्याचा संगणक इथे येत गेला."

"नुसतं ठीक लिहिलं असतंत तरी चाललं असतं."

"चाललं असतं." तिने जवळच्या पडद्यावरची धूळ पदराने पुसली. "पहिल्यांदा गंमत म्हणून लिहिलं. मग शुक्रवारची वाट बघायला लागले. त्या दोन तासांत कारखान्यात कुणीच नसतं, मॅडम. इतर दिवशी निदान ट्रकचा आवाज येतो."

मला तिचा राग यायला हवा होता. तपासणीची खोटी कागदपत्रं करणं हा माझ्या धंद्यात मोठा अपराध आहे. पण मला भीतीच वाटली, कारण ती मला अनोळखी वाटली नाही.

लोक लेबलांचा प्रोग्राम दिवसभर उघडा ठेवतात हे तिला ठाऊक होतं का, असं मी विचारलं. नव्हतं. ते सगळ्या जगाला माहीत होतं, आणि साठ माणसांच्या संगणकांची किल्ली जिच्या हातात होती तिलाच कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या दहा संगणकांसमोर कुणी बसतच नव्हतं, म्हणून त्यांवर कधी काही उघडंच नसायचं. तिथे कुठलाही पॅच बसला असता.

"म्हणजे विष तुम्ही कालवलं नाहीत," मी म्हटलं. "हे फाँगना सांगायला हवं. उद्या सकाळी ते पोलिसांत जातायत."

"नको." ती उभी राहिली. "सूडबुद्धीची म्हणा, नालायक म्हणा. पण ही बाई तीन वर्षं स्वतःलाच पत्रं लिहीत होती, हे शाहरूलसमोर, रोकियासमोर वाचलं जाणार. मेलेल्या माणसाच्या नावाने सुद्धा. मला पोलिस चालतील, मॅडम. हे नाही चालणार."

६

बुधवारी साडेनऊला मी फाँगच्या खोलीत गेले. तक्रार टेबलावर होती, गाडी दारात. मी त्यांना दार लावायला सांगितलं.

आधी मी प्रोग्राम कसा मोडला ते सांगितलं. उघडा असेल तिथे मोडतो, मिटलेला असेल तिथे बसतो, हे मी त्यांच्याच संगणकावर शाहरूलकडून करवून दाखवलं. मग शाहरूलला बाहेर पाठवलं. फाँगनी मान डोलावली, पण तक्रारीवरचा हात काढला नाही. म्हणाले, "मग तपासणीत का नाही कळलं? म्हणजे तपासणी खोटी. ते तर आणखी वाईट. तेही घालतो तक्रारीत."

"जरूर घाला. मग पुरावा म्हणून हा कागद जोडावा लागेल."

मी गेल्या महिन्याचा एकच कागद त्यांच्यासमोर ठेवला. दहा नावं, दहा होकार, खाली त्यांची सही.

"चौथं नाव वाचा."

त्यांनी वाचलं. ओळख पटायला त्यांना वेळ लागला नाही.

"बहारोमच्या मयताला तुम्ही गेला होतात," मी म्हटलं. "खांदा दिलात असं काक रोकिया सांगते. त्यानंतर अकरा महिने त्याने तुम्हाला होकार पाठवला आणि तुम्ही अकरा वेळा त्याखाली सही केलीत. पोलिस मला विचारतील, व्यवस्थापक सही करताना काय वाचत होते. तुम्ही सांगा, मी काय उत्तर देऊ?"

त्यांनी खिडकीतून गाडीवाल्याला हाताने परत जा म्हणून खूण केली. त्या माणसाबद्दल मला फार वाईट वाटलं नाही.

अहवाल मी तिथेच बसून लिहिला, चार ओळींत. तपासणीचे संगणक कुणी वापरत नव्हतं. होकार तिलगवती रामासामी यांनी स्वतः भरले. सही करणाऱ्यांनी नावं पाहिली नाहीत. हेतू सुडाचा नाही. शेऱ्यांची फाइल मी जोडली नाही. नियमाप्रमाणे ती जोडायला हवी होती. तीस वर्षांत मी पहिल्यांदा नियम मोडला, आणि फाइल काखेत मारून गोदामामागे गेले.

तिला सगळं सांगितलं. महिनाअखेरीस नोकरी जाणार होती ती जाणारच होती, त्यात मला काही करता आलं नाही. पण नावावर गुन्ह्याचा शिक्का बसणार नव्हता, आणि शेऱ्यांबद्दल फाँगही कुणाशी चकार शब्द काढणार नव्हते. त्यांना ते परवडणार नव्हतं.

तिने मान हलवली. मग उठून एकेक संगणक बंद करत गेली, आणि प्रत्येकावरची चिठ्ठी नखाने हळूच सोडवून घेतली. दहावा बंद झाल्यावर पंख्यांची घरघर थांबली. मी फाइल तिच्यापुढे ठेवली.

"तुम्ही वाचलीत ही?" तिने विचारलं.

"सगळी. काही पानं दोनदा. लाक्साच्या भांडणाला तर दुकानात एकटीच हसले. लोक बघायला लागले."

ती थोडंसं हसली. मग तिने फाइल छातीशी धरली आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"कुणीतरी वाचतंय एवढं कळलं असतं ना, मॅडम," ती म्हणाली, "तर मला ती लिहावीच लागली नसती."